टाक्यांवरचा हात

"हसवू नका न काकू, टाके तुटतीन!" असं म्हणत ती हसायची आणि हसताना उजवा हात ओटीपोटावर दाबून धरायची. सिझरचे टाके कधीच वाळले होते, सवय तेवढी राहिली. गल्लीतल्या बायका तिची नक्कलही करायच्या.

वरूडला आमच्या समोरच्या घरची ती सून. माझ्या शिलाई मशीनपाशी ब्लाउज सैल करायला यायची आणि पोटभर बोलायची. सासूची हाक आली की वाक्य अर्धंच टाकून पळायची.

पहिली मुलगी झाली तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आतली जखम नीट भरू द्या, दोन वर्षं दुसऱ्याचं नाव काढू नका. मी म्हटलं, "मग तांबी बसवून घे ना."

"सासूबाईले इचारा लागते. त्या म्हन्तेत, नवऱ्याले इचार. हे म्हन्तेत, आईले इचार." आणि हसली. हात पोटावर.

मुलगी रांगत होती तोच तिला पुन्हा दिवस गेले. नवरा संत्र्यातला मोठा जाणता. एक बहार घेतला की दुसरा सोडून द्यायचाच, झाडाला विसावा द्यायचा, नाहीतर झाड वाळतं, असं सगळ्यांना सांगायचा. "मी झाड असती तं बरं होतं, काकू," ती म्हणाली. मला त्या माणसाचा असा राग आला की मी बाही उलटी जोडली.

सातवा संपत आला होता. अंगणात ती पोटावर हात दाबून वाकली. "तिची सवयच हाय थे," सासू खाटेवरून म्हणाली. शेजारणी हसल्या. ती हसत नव्हती. मी धावले तेव्हा ती घामानं भिजली होती.

जीपनं अमरावतीला नेलं. जुन्या टाक्यांपाशीच गर्भपिशवी फाटली होती. बाळ गेलं, पिशवी काढावी लागली, ती वाचली. मुलगा होता, हे सासूनं अख्ख्या गल्लीला सांगितलं.

मग थोडे दिवस माहेरी राहा म्हणून तिला परतवाड्याला धाडलं. थोडे म्हणजे किती, ते कोणी बोललं नाही. मी स्टँडवर सोडायला गेले. कडेवरच्या पोरीनं माझा चष्मा ओढून स्वतःच्या नाकावर उलटा लावला, तशी तिची आई खळखळून हसली. उजवा हात पोटावर गेला नाही, खालीच होता. मी बघतेय हे तिला कळलं.

"आता काय सांभाळाचं, काकू?" ती म्हणाली आणि पोरीच्या नाकावरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला.