माझा रिपोर्ट आला का?

पन्हाळ्याच्या पायथ्याशी क्षयाच्या रुग्णांची एक निवासी वसाहत आहे. ती चालवणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे दादा म्हणतो. माझ्या जीपमधून तिथे औषधं आणि धान्य जातं. दादा बोलतात ते ओरडूनच. गोळी गिळल्यावर रुग्णानं तोंड उघडून दाखवल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत.

परवा चंदगडकडची एक बाई पूर्ण बरी झाली. तिला सोडायला दादा आणि मी तिच्या गावी गेलो. नवरा दारात आडवा उभा राहिला.

"हितं ल्हान पोरं हायती," तो म्हणाला.

"बरी झालीया की ती! तिच्यापासनं आता कुणाला काय बी होत न्हाय," दादा ओरडले.

आतून तिच्यासाठी पाणी आलं, तेही करवंटीत. ती दोन घोट प्याली. दादांनी करवंटी तिच्या हातातून घेतली आणि तिचं उष्टं पाणी सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. तरी दार लागलंच.

बाईला घेऊन परत आलो, तर एक म्हातारा फाटकाशी वाट बघत होता.

"दादा, माझा रिपोर्ट आला का? घरला कवा जायाचं?"

"न्हाय आला अजून," दादा म्हणाले.

तो बरा झाल्याचा रिपोर्ट सकाळीच मी दादांच्या हातात दिला होता.