दोन किलो तीनशे ग्रॅमचा पॉवर सप्लाय

आमच्या समोरच्या दारावर ‘वि. ग. मेस्त्री’ अशी पितळी पाटी आहे. दर रविवारी ती चिंच लावून घासणारा माणूस म्हणजे विश्राम. आडनाव मेस्त्री आणि खाजही मेस्त्रीचीच. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी बिल्डिंगमध्ये कुणाची ट्यूब फडफडली की हा खिशाला टेस्टर लावून हजर. बोलावलेलं नसतं, हे वेगळं सांगायला नको. त्यानं दुरुस्त केल्यापासून माझ्या दाराची बेल वाजली की स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतो. तक्रार केली तर म्हणाला, “म्हातारपणी ऐकू येईनासं झालं की माझं नाव काढशील, नाथा.”

या माणसाच्या आयुष्यात एक पराक्रम आहे आणि तो ऐकल्याशिवाय त्याच्या घरी चहा मिळत नाही. कारखान्यातल्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंगला बाहेर जायच्या. तांब्याची जुनी तार काढायची, नवी भरायची, असं ते काम. कंत्राटदार तार कमी भरून देतो हा विश्रामचा संशय. त्यानं काय करावं? मोटार जाताना काट्यावर तोलली, परत आल्यावर पुन्हा तोलली. साडेतीन किलो गायब! कंत्राटदार गेला, विश्रामचा मोठ्या साहेबांच्या हस्ते सत्कार झाला. त्या दिवसापासून त्याचं एकच शास्त्र. “लेबल कोणीही छापतो. वजन खोटं बोलत नाही.”

आता ऐका, या शास्त्रानं घरात काय केलं ते.

विश्रामची मुलगी समीक्षा घरांची थ्रीडी चित्रं काढते. बिल्डिंग उभी राहायच्या आधीच तिचा हॉल, तिचा सोफा, सोफ्यावर पडलेलं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर दाखवायचं. नौपाड्यातल्या एका आर्किटेक्ट मॅडमनी तिला नमुन्याचं काम दिलं होतं. एका बंगल्याची दीड मिनिटाची फिल्म शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पोचवायची. आवडली तर कायमची नोकरी. वर्षभर फुटकळ कामं करून पोरगी कंटाळलेली, त्यामुळे घरात त्या शनिवारचं नाव परीक्षेसारखं घेतलं जायचं.

तिचा लॅपटॉप अशा कामाला बसला की इस्त्रीसारखा तापायचा आणि अर्ध्यात मान टाकायचा. म्हणून नवा कॉम्प्युटर जुळवायचा ठरला. डोंबिवलीत दुकान असलेल्या धनेशनं एकेक भाग मागवून दिला. राहिला फक्त पॉवर सप्लाय. कॉम्प्युटरच्या पोटात हा एक लोखंडी डबा असतो. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या नाजूक मंडळींना पचेल अशी करून वाढायची, हे त्याचं काम. धनेशनं साडेसहाशे वॅटचा एक डबा पुढे ठेवला आणि तिथेच विश्रामनं शड्डू ठोकला.

“सप्लाय मी बघणार. वीज हा माझा विषय.”

समीक्षानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

पिशवीतून त्यानं हुकाचा काटा काढला, रद्दीवाले वापरतात तसला. डबा लटकवला. “दीड किलो! यात काय कापूस भरलाय?”

धनेश सभ्य माणूस. म्हणाला, “काका, हल्ली आतले भाग छोटे आणि चांगले झालेत. वजनावर जाऊ नका. बाजूला तक्ता छापलाय, त्यातली बारा व्होल्टची ओळ वाचा. खरा भार तिच्यावर असतो.”

“मी एकतीस वर्षं लेबलं बघितली आहेत, धनेशशेठ.”

“बघितली असतील, काका. ही वाचायची आहेत.”

झालं. त्या एका वाक्यानं तीन आठवडे गेले. विश्राम डोंबिवली, कल्याण, ठाणे अशी दुकानं पालथी घालत सुटला आणि मला हमालासारखा बरोबर नेऊ लागला. दुकानात शिरायचं, डबा मागायचा, काट्याला लटकवायचा, ओठ मुरडायचे, बाहेर पडायचं. ठाण्यातल्या एका दुकानदारानं तर विचारलं, “साहेब, किलोवर पाहिजे की नगावर?” मी हसलो, त्याबद्दल विश्राम ठाकुर्लीला घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. खरं तर तेवढीच काय ती विश्रांती.

घरी समीक्षा रोज विचारायची. “बाबा, मिळाला?”

“घाई करू नकोस. घाईत घेतलेली वस्तू घाईतच जाते.”

“माझा शनिवार घाईत चाललाय त्याचं काय?”

“अगं, बापावर विश्वास आहे की नाही?”

ती कोऱ्या कॉम्प्युटरसमोर बसून राहायची. काचेचा कॅबिनेट, आत तीन पंखे, सगळं देखणं आणि सगळं मेलेलं. कलावतीवहिनींनी त्यावर धूळ नको म्हणून भरतकामाचा रुमालही घातला. त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना.” मी सांगितलं. विश्रामनं मला माझ्या बेलची आठवण करून दिली. ती कोणी दुरुस्त केली, म्हणून.

शेवटी गुरुवारी, कल्याणातल्या एका बोळातल्या दुकानात, काटा खाली गेला. दोन किलो तीनशे! डब्यावर सोनेरी अक्षरांत ‘८०० वॅट’ आणि शेजारी फणा काढलेला नाग. विश्रामच्या चेहऱ्यावर मोठ्या साहेबांचा सत्कार परत उजाडला. “नाथा, हात लावून बघ. याला म्हणतात तांबं.” मी हात लावला. जड होता खरा. धनेशच्या डब्यापेक्षा स्वस्तही होता. मी तसं म्हणताच तो खेकसला, “धनेश नुसत्या ब्रँडच्या नावाचे पैसे घेतो.”

गुरुवारी संध्याकाळी डबा बसला. बटण दाबलं, तिन्ही पंखे फिरले, कलावतीवहिनींनी साखर वाटली. समीक्षानं डोळे पुसत बापाला मिठी मारली आणि विश्राम माझ्याकडे असा बघत होता की मला उठून घरी जावं लागलं.

शुक्रवारभर तिनं बंगल्याची मांडणी केली, तोवर सगळं सुरळीत. हलकं काम होतं ते. शनिवारी सकाळी फिल्म बनवायला लावली. या कामात चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीनं पळतं आणि तेवढीच वीज ओढतं. अठरा टक्के झाले, आणि टक्क! कॉम्प्युटर बंद.

“लाईट गेली,” विश्राम म्हणाला. पंखा फिरत होता.

पुन्हा लावलं. एकवीस टक्के. टक्क. विश्रामनं मीटर आणून भिंतीतला दाब मोजला. दोनशे बत्तीस, ठणठणीत. मग बोर्ड बदलला, वायर बदलली, फ्रिज बंद करायला लावला, मला माझ्या घरातली वॉशिंग मशीन बंद करायला लावली. दोन्ही घरांचे मीटर वेगळे आहेत, हे एकतीस वर्षं वीज जगलेल्या माणसाला मी कशाला सांगू? तिसऱ्यांदा चौदा टक्क्यांवर टक्क झालं आणि करपट वास आला. समीक्षानं झडप घालून प्लग ओढला.

“बाबा, आता हात लावू नका. कार्ड जळेल.”

दीड वाजला होता. विश्रामनं डबा बाहेर काढला, निवू दिला, जपून चार स्क्रू सोडवले आणि झाकण उचललं. आत लहानसं सर्किट होतं. आणि त्याच्या बाजूला, दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेली, कशालाही न जोडलेली एक लोखंडी पट्टी.

विश्रामनं पट्टी सोडवून हातात तोलली. काट्याची गरज नव्हती. मग त्यानं डबा उलटा केला, चष्मा लावला आणि पहिल्यांदा बाजूचा बारीक तक्ता वाचला. बारा व्होल्ट, सोळा अँपिअर.

“बारा सोळे एकशे ब्याण्णव,” तो हळूच म्हणाला. “एकशे ब्याण्णव वॅट. वर आठशे लिहिलंय.” मग चष्मा काढत म्हणाला, “मला येत होतं गं हे. शाळेतला गुणाकार आहे.”

समीक्षानं पर्स उचलली आणि ती रिक्षा करून धनेशकडे गेली. साडेतीनला दीड किलोचा डबा घेऊन परतली. चारला मशीन सुरू झालं, आणि फिल्मला लागणार होते पाच तास. तिनं मॅडमना मेसेज टाकला. उत्तर आलं नाही. रात्री सव्वानऊला फाइल गेली.

सोमवारी सकाळी मी साखर मागायच्या निमित्तानं गेलो. खोटं कशाला बोलू, काय झालं ते ऐकायलाच गेलो होतो. समीक्षा फोन ठेवत होती. मॅडम म्हणाल्या, काम छान आहे, पण शनिवारी पाचला दुसऱ्या मुलीचं आलं होतं, तिला घेतलं. पुढे गरज पडली तर कळवू.

विश्राम दारात चपला घालून उभा. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ती लोखंडी पट्टी.

“मी नौपाड्याला जाऊन येतो,” तो म्हणाला. “मॅडमना दाखवतो. चूक तुझी नाही, माझी आहे. बघितल्यावर त्यांना पटेल.”

“काय पटेल, बाबा?”

“की फसवलंय आपल्याला. हे बघ ना, धडधडीत लोखंड आहे.”

“त्यांना सप्लायचं काही पडलेलं नाही, बाबा.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “त्यांना पाच वाजता फाइल हवी होती.”

कलावतीवहिनी आतून चहाचे कप घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या. विश्रामनं पिशवी खाली ठेवली. मग भिंतीला हात टेकून त्यानं एकेक चप्पल काढली.