आधी कुणी उठायचं

उन्हाळी सत्राला आमच्याकडे हौसेने कोणी बसत नाही. चार महिन्यांचा विषय दोन महिन्यांत उरकतात. रविवारी शिकवलेल्या गोष्टीची मंगळवारी चाचणी होते आणि बुधवारी पुढचा धडा सुरू झालेला असतो. आमच्या इर्बिद शहरातल्या विद्यापीठात त्या उन्हाळ्यात मी अल्गोरिदमचा विषय घेतला, कारण मला लवकर मोकळं व्हायचं होतं. उम्म कुतैबाने घेतला, कारण तिला दुसरा रस्ताच उरला नव्हता.

तिचं नाव इतिदाल, पण कुतैबा झाल्यापासून सगळे तिला उम्म कुतैबा, म्हणजे कुतैबाची आई, म्हणूनच हाक मारतात. आम्ही वर्गातली मुलंही तेच म्हणायचो. लग्नामुळे अर्धवट सुटलेली पदवी पुरी करायला ती चाळिशीच्या जवळ परत आली होती. मुलींच्या एका शाळेत ती संगणकाची खोली सांभाळायची. पदवी मिळाली तर तिथेच शिकवायला मिळणार होतं. एवढा एकच विषय राहिला होता आणि विद्यापीठाने दिलेली मुदत या सत्राबरोबर संपत होती. आता नापास झाली असती तर नाव कमी होऊन आधीचं सगळं पाण्यात गेलं असतं. हे तिने मला पहिल्या आठवड्यात सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं.

अडचण उन्हाळ्याचीच होती. कुवेत, कतार, दुबई इथले नातेवाईक याच दिवसांत गावी येतात. त्यांना भेटायला जायचं, त्यांनी उलट यायचं, मग जेवणं. उम्म कुतैबाचे थोरले दीर कुवेतहून येऊन सहकुटुंब तिच्याचकडे उतरले होते. वर्गात ती यायची तेव्हा तिच्या वहीला पाहुण्यांच्या कॉफीतल्या वेलचीचा वास असायचा.

विषयाच्या प्रकल्पासाठी दोघादोघांची जोडी होती. माझी जोडीदार ती. कामांचा क्रम लावून देणारा प्रोग्राम लिहायचा होता. बाकीच्यांनी इमारतीचं बांधकाम, विमानतळ असलं काही घेतलं. उम्म कुतैबा म्हणाली, आपण भेटीगाठी घेऊ. कोण आल्याशिवाय कोण भेटीला उठत नाही, याचे नियम आमच्या घराण्यात पक्के आहेत. परगावाहून आलेला आपणहून उठत नाही, आधी त्याला भेटायला जायचं. ज्या घरी माणूस गेलं असेल ते घर जागचं हलत नाही. धाकट्याने थोरल्याकडे आधी जायचं. एकेका घराचा, त्या घरच्या बाईच्या नावाचा, एक ठिपका आणि वाट बघण्याचा एकेक बाण. जो कुणाचीच वाट बघत नाही त्याला आधी उठवायचं, त्याचे बाण पुसायचे, मग पुढचा शोधायचा. नियम तिने सांगितले, प्रोग्राम मी लिहिला.

डॉक्टर मुहन्नद, म्हणजे आमचे प्राध्यापक, यांच्यासमोर आम्ही तो चालवला. घरांची नावं भराभर आली आणि मग पडदा थांबला. प्रोग्राम संपेनाही आणि पुढे सरकेनाही. डॉक्टरांनी उरलेली नावं बघितली. ती दोनच होती, आणि दोन्ही घरं एकमेकांची वाट बघत होती.

"या कोण बायका?" त्यांनी विचारलं.

"त्यातली एक मीच," उम्म कुतैबा म्हणाली. "दुसरी माझी जाऊ. खालच्याच मजल्यावर राहते."

वर्ग हसला. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. दोन वर्षांपूर्वी ती उमऱ्याच्या यात्रेहून परतली त्याच आठवड्यात जावेचा मुलगा राकान बारावीला उत्तम पास झाला होता. यात्रेहून आलेल्याला भेटायला जातात. मुलगा पास झालेल्या घरीही अभिनंदनाला जातात. वरच्या मजल्यावर यात्रेहून आणलेलं झमझमचं पवित्र पाणी आणि खजूर मांडलेले, खालच्या मजल्यावर मिठाईचं ताट मांडलेलं. दोघी आपापल्या ताटामागे बसून राहिल्या. तेव्हापासून जिन्यात सलामापुरतं बोलणं होतं.

डॉक्टरांनी दुरुस्तीला वेळ दिला. मी म्हटलं, आपल्या माहितीतल्या त्या दोन बाणांतला एक काढून टाकू, सगळं सुरळीत होईल. ते तिला पटलं नाही. जे आहे ते आहे, म्हणाली. मग मी प्रोग्राममध्ये असं एकमेकांत अडकलेलं चक्र ओळखायची सोय केली. चक्र सापडलं की तो दोन्ही नावं छापायचा आणि थांबायचा. डॉक्टरांनी विचारलं, पुढे काय करायचं ते तो का सांगत नाही?

"ते त्याचं काम नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "एक बाण कुणीतरी हाताने पुसायचा असतो."

गुण बरे मिळाले. पण निम्मे गुण शेवटच्या परीक्षेला होते आणि तिचं वेळापत्रक लागलं तेव्हा घोडं तिथेच अडलं. परीक्षा गुरुवारी सकाळी अकराला होती. त्याच दुपारी थोरल्या दिरांच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं तिच्याकडे जेवायला येणार होती. ते जेवण हलवणं शक्य नव्हतं. मन्सफ, म्हणजे मानाचा मटण-भात, बाहेरून मागवला असता तर दिरांची मान खाली गेली असती. थोरली जाऊ मुलीची आई, ती पाहुण्यांत अडकलेली. जमीद, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, भिजवून घोटणं, मटण शिजवणं, चुलीपाशी सकाळभर उभं राहणं, हे सगळं करू शकेल अशी घरात आणखी एकच बाई होती.

आदल्या आठवड्यात मी तिच्याकडे अभ्यासाला गेले होते. तिने पुस्तक मिटलं, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि मला म्हणाली, चल. आम्ही एक जिना उतरलो.

उम्म राकानने दार उघडलं, एकवार माझ्याकडे बघितलं, आम्हाला बैठकीत बसवलं आणि कॉफी आणली. उम्म कुतैबाने पेला उचलला नाही. मुलगी मागायला गेलेले पुरुष तसा न पिता ठेवतात, मागणं मान्य होईपर्यंत.

"पी. गार होतेय."

"आधी हो म्हण."

"हे पुरुषांचे चाळे तू कधीपासून शिकलीस?"

"विद्यापीठात शिकवतात."

मग तिने गुरुवारचं सांगितलं. उम्म राकान सगळं ऐकून घेत होती. जमीद कुठला आणलाय, तिने विचारलं. करक गावचा. तो तरी बरा आणलास, म्हणाली. मी भिंतीवरचा राकानचा बारावीच्या समारंभातला टोपी घातलेला फोटो बघत होते. तो आता दुसऱ्या वर्षाला होता.

"करते मी," उम्म राकान म्हणाली. "पण ही भेट मी धरत नाही. तू कामाला आलीस. राकानसाठी नाही आलीस."

"नको धरूस," उम्म कुतैबा म्हणाली आणि गार कॉफी एका घोटात प्यायली.

गुरुवारी ती परीक्षेला वेळेवर आली. पेपर कठीण होता. शेवटच्या प्रश्नाला आम्ही दोघींनी हात लावला नाही. बाहेर पडल्यावर तिने फोन लावला आणि पेपरबद्दल अक्षर न काढता भाताला तूप सोडलं का एवढंच विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिने फोन कानापासून लांब धरला.

निकालात ती पास झाली, काठावरून दोन पावलं आत. मी अभिनंदनाला गेले तेव्हा टेबलावर कुनाफ्याच्या मिठाईचं ताट होतं आणि निम्मा कुनाफा संपलेला होता. उम्म राकान सकाळीच वर येऊन गेली होती. उमऱ्याचंही त्यातच उरकलं का, असं मी विचारलं.

"छे. पदवीचीच भेट आहे असं दारातच सांगितलं तिने. उमऱ्याची वेगळी." तिने माझ्या ताटलीत कुनाफ्याचा तुकडा ठेवला. "आता उलट जायची पाळी माझी आहे. राकानला काय नेऊ, सांग. तुमच्या वयाचाच आहे तो."