बारा घरांची गल्ली

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीतच सुटलेली, पण शिवाजी पेठेत माझा शब्द कुणी मोडत नव्हतं.

शेजारच्या गल्लीच्या तोंडाला टेलरचं दुकान. सुई ओवायच्या आधी दोरा ओठांत ओला करायचा, चष्म्यावरनं बघायचा आणि म्हणायचा, "आज कोण कुणाच्या घरात घुसलं?" मग जगाच्या बातम्या वाचून दाखवायचा. असा एखादा माणूस तुम्ही बी बघितला असेल.

फुटबॉलचा वर्ल्डकप तोंडावर आलेला. आमची गल्ली सगळी ब्राझीलची, पिवळीधमक. टेलरची गल्ली बारा घरांची. तिनं मंडळाचा अध्यक्ष निवडला तो नेमका अर्जेंटिनावाला! आज तिथं निळा झेंडा लागला, तर उद्या आमची पोरं बी फुटायची. मी चार पैलवान घेऊन गेलो, त्याला उतरवला आणि माझा पुतण्या अध्यक्ष केला. कोण बोलणार?

 पुढं मी टेलरकडं शर्ट शिवायला टाकायला गेलो, तर खांदा मोजता मोजता त्यानं जुनी गोष्ट काढली.

"अमेरिका-रशियाची ईर्षा चाललेली. अमेरिकेच्या जवळच ग्वाटेमाला म्हणून बारका देश. लोकांनी आपला माणूस निवडला. अमेरिका म्हटली, ह्यो रशियाकडं जाणार. त्याला घालवला, स्वतःचा बसवला."

"आणि रशिया लई शहाणा?"

"त्यानं हंगेरीत रणगाडे घातले की. कारण तेच, बाजू उलटी."

माझं डोकंच फिरलं. "ह्यांच्या बापाचं काय जातंय? ज्याचं घर, त्यानं ठरवावं!"

"हात वर करा," टेलर म्हणाला. टेप छातीभोवती फिरवली. "बेचाळीस. छाती मोठी हाय तुमची. आमची गल्ली बारा घरांची."

मी हात वर करून तसाच उभा. समोर फळीवर निळा-पांढरा झेंडा, शिवून, घडी घालून ठेवलेला.

"अजून का लावला न्हाय?"

"तुमची परवानगी कुठं हाय?" म्हणाला आणि असा खुदखुदला, की मलाही हसू आवरेना. माप अर्धंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला घरी बसवला. पिवळा टी-शर्ट चढवला, शिडी खांद्यावर घेतली आणि त्या गल्लीच्या तोंडाला थांबलो. जन्मात पहिल्यांदा विचारलं, "येऊ का आत?"

टेलरनं ओठांतला दोरा काढला. "या की, पावणं!"

त्यांनी निवडलेला अध्यक्ष झेंडा बांधायला वर चढला. शिडी मी धरली.

"पण कप ब्राझीलच नेणार!" खालनं ओरडलो.