तीन वाजताचं ऊन

आधी ख्वाजामियांचं नाव घेतो. हैद्राबादेत गौलीगुड्यात त्यांचं फ्रेमचं दुकान आहे, आणि या शहरात माझं जे काही बरं झालं ते त्या दुकानाच्या फळीवर बसून झालं. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी ते अंबरपेठेतल्या माझ्या खोलीवर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांना बसायला स्टूल दिलं तर त्यांनी मलाच त्यावर बसवलं, खालून चहा मागवला आणि मी निम्मा पिईपर्यंत बसच्या गर्दीबद्दल काहीबाही बोलत राहिले. मग म्हणाले, "पेंटर, राव साब गुजर गए. आज फजर के वक्त." मी कप खाली ठेवला. त्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला. "आखरी तस्वीर मेरे पास है. उसमें साया बाकी है. तुम साया दिए तो मैं फ्रेम करतूं. नै तो नै."

साया म्हणजे सावली. आणि राव साब म्हणजे चित्रकार त्र्यंबकराव मुखेडकर, माझे सर. ज्यांनी त्यांची चित्रं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. सर तरुणपणी कलाशाळेत साहेबी पद्धतीनं शिकले. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून उजेड-अंधार काढायचा, तेलरंगात माणूस हुबेहूब उभा करायचा. पुढं जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांपाशी बसून दख्खनी लघुचित्रं शिकले. कागदावर कागद खळीनं चिकटवून जाड वसली करायची, ती अकीकाच्या दगडानं काचेसारखी घोटायची, मग खारीच्या केसांच्या कुंचल्यानं एकेक पान, एकेक दागिना. या दोन्ही विद्या ते एकाच चित्रात घालायचे. चेहरा साहेबी, गालावर ऊन, नाकाची सावली ओठावर. आणि बाकीची बाग, कपडे, आभाळ सगळं सपाट, सोन्याचं. बागेत नवाब-बेगम मात्र नाहीत. स्कूटरवरची बाई, कॉम्प्युटर क्लासला निघालेल्या मुली, गच्चीवरची डिश अँटेना.

मी अमळनेरकडचा. सातवीत शाळा सुटली. सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या एका माणसाच्या मागं मागं इथवर आलो आणि तो परत गेला तरी मी राहिलो. देश खुला झाला म्हणतात. मी तो पिवळ्या रंगात पाहिला. गल्लीगल्लीत एसटीडीचे बूथ निघाले आणि प्रत्येकाला पिवळा बोर्ड हवा, त्यावर काळी अक्षरं. तेलुगू, उर्दू, इंग्रजी... मला वाचता यायचं नाही, पण काढता यायचं. अक्षराचं पोट कुठं फुगतं आणि शेपटी कुठं वळते एवढं डोळ्यांनी धरलं की हात चुकत नाही. दोन-तीन वर्षं श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मग कॉम्प्युटरवर कापलेली रेडियमची अक्षरं आली. बोर्डाला चिकटवली की झालं. मी ख्वाजामियांच्या फळीवर बसू लागलो आणि रोज मनात तेच घोळायचं, की आता गावी परत जावं लागणार, आणि गावी जाऊन सांगणार काय.

अशात एक दिवस ख्वाजामियांनी मला सायकलवर मागं बसवून काचीगुड्याला सरांच्या घरी नेलं. स्टेशनच्या मागं, दुसरा मजला. सर एक चित्र करत होते. खडा दुपट्टा, म्हणजे इथला लग्नातला पेहराव, नेसलेली बाई एसटीडी बूथपाशी उभी, कानाला रिसीव्हर. बूथचा बोर्ड त्यांना हुबेहूब रस्त्यावरच्यासारखा पाहिजे होता, आणि तो काही त्यांना जमेना. "माझी अक्षरं फार शहाणी येतात," ते म्हणाले आणि बोर्ड माझ्याकडं सोपवला. मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'पेंटर' म्हणूनच हाक मारली. जन्म चित्रकलेत घालवलेल्या माणसानं मला पेंटर म्हणावं याची मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सर लग्नाला म्हणून बाहेर गेले. मी एकटाच. बोटभर बोर्ड, त्यावर मोहरीएवढी अक्षरं. झाली. आता आमच्या धंद्यात अक्षर काढलं आणि त्याला सावली दिली नाही तर ते अर्धंच धरतात. ऊन डावीकडून वरून, सावली उजवीकडं खाली, हे कुणी शिकवत नाही, हाताला असतं. मी अक्षरांना सावली दिली. मग बोर्डाला दिली. मग बूथला. त्या बाईच्या पायाशी आलो तेव्हा मी विचार करत नव्हतो, हात चालला होता. तीन वाजले होते. चित्रकार लोक उत्तरेची खिडकी मागतात, सरांना पश्चिमेची मिळाली होती, आणि तिथून आलेलं ऊन माझ्या मनगटावर होतं...

सर आले, चित्रापुढं उभे राहिले. तो रंग काढायचा तर खालचं सोनं उचकटून येणार हे मलाही कळत होतं.

"पेंटर, हे ऊन कुठून आणलं तुम्ही?"

"सर, तुम्हीच दिलंय. बाईच्या डाव्या गालावर. मग सावली उजवीकडंच पडणार की."

"माझ्या उस्तादांच्या बागेत सावली पडत नसते," ते म्हणाले, आणि मला घरी जायला सांगितलं.

चार दिवस मी दुकानाकडं फिरकलो नाही. ट्रंक भरली. पाचव्या दिवशी ख्वाजामियांचा निरोप आला. नंतर कळलं की ते मधल्या काळात सरांकडं जाऊन बसले होते. आदमी मैं लाया, नुकसान मेरे सर, तीस बरस की फ्रेमां मेरे हिसाब में लगा लो, असं म्हणाले होते म्हणे. मला मात्र एवढंच म्हणाले, "राव साब गुस्से में नै हैं. सोच में हैं. जाव."

गेलो. सरांनी सावली पुसली नव्हती. तिच्या कडेनं त्यांनी केसाएवढी सोन्याची रेघ ओढली होती आणि आत, त्या गडद हिरव्या पट्ट्यात, उस्तादांच्या पद्धतीची इवली इवली फुलं भरली होती. बाईच्या पायाशी सावली होती आणि गालिचाही होता. सर खिडकीकडं बघत म्हणाले, "तीस वर्षं चेहऱ्यावर ऊन पाडत होतो पेंटर, आणि माणसं हवेत उभी होती. मला दिसलंच नाही हो."

मग आमची रीतच पडली. माणूस, झाड, स्कूटर सरांची. सावलीचा आकार माझा. आतली फुलं परत सरांची. वाद पुष्कळ व्हायचे. माझी सावली लांबली की ते म्हणायचे, तुमच्या गावचं ऊन इथं नक्को, हैद्राबादचं घाला. प्रदर्शनात कुणी पायाखालच्या फुलांचं कौतुक केलं की मला कोपऱ्यातून ओढून आणायचे आणि म्हणायचे, जमीन यांची आहे. सुटाबुटातल्या माणसांपुढं मी घामाघूम व्हायचो. पण बोर्ड गेले तरी मी परत गेलो नाही, ते यामुळं. आईला पत्रात लिहिताना पहिल्यांदा 'चित्राचं काम करतो' असं लिहिलं, तेव्हा ते खोटं नव्हतं.

शेवटच्या वर्षात सरांचा हात कापायला लागला. तरी एक चित्र त्यांनी तडीस नेलं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. खिडकीपाशी उभे, हातात घोटायचा अकीकाचा दगड, डाव्या गालावर ऊन. पायाखाली सोनं, कोरं. सावली द्या म्हणून त्यांनी मला दोनदा बोलावलं. मी दोन्हीदा उद्या येतो म्हणालो. आमच्याकडं म्हणतात, ज्याला सावली नाही तो माणूस या जगातला नव्हे. मला ते चित्र बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. चुकलं तर झाकायला सरांची फुलं येणार नव्हती.

गेल्या आठवड्यात ख्वाजामियांनी ते चित्र काखेत घेतलं आणि मला काचीगुड्याला नेलं. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, खोली उघडून दिली. कुंचले धुऊन उलटे ठेवलेले, दगड खिडकीच्या कट्ट्यावर. आम्ही तीन वाजायची वाट बघत बसलो. सावली मनानं द्यायची नाही, बघून द्यायची असं मी ठरवलं होतं. ख्वाजामियांची उंची सरांएवढीच. मी त्यांना सरांच्या जागी उभं केलं, दगड हातात दिला. ऊन आलं. फरशीवर पडलेल्या सावलीच्या कडेनं मी खडू फिरवत होतो आणि ते मान न हलवता कुरकुरत होते, "उमर भर लोगां की तस्वीरां टांगा मैं. मेरी एक नै. अब साया बी ले लिए."

आकार दिला. सोन्याची रेघ ओढली. मग फुलं... पहिलं वाकडं आलं, दुसरं बरं, दहाव्यापासून हात विसरला की तो कुणाचा आहे. तीन दुपारी लागल्या. शेवटी चित्र संगमरवरी पाट्यावर पालथं घालून मी मागून त्या दगडानं घोटलं, सर घोटायचे तसं, एका दमात, वरून खाली. दगड कट्ट्यावरच्या उन्हानं कोमट झाला होता. सरळ केलं तेव्हा सर जमिनीवर उभे होते. बाई जवळ आल्या, फुलं बघितली आणि दगड माझ्या पिशवीत टाकला.

काल फ्रेम झाली. तर ख्वाजामियां, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल तेव्हा ऐका. तुमची सावली माझ्याकडं आहे. माणूस काढायचा राहिलाय. अजून मी कुणाचा चेहरा काढलेला नाही, पण वसली चिकटवून वाळत घातली आहे. तुम्हाला तुमच्याच दुकानात, फ्रेमच्या पट्ट्यांमध्ये उभं करीन, डाव्या गालावर ऊन. थोडे दिवस लागतील. तुमच्या भिंतीवर एक खिळा मोकळा ठेवा.