पुढच्या शटरला सील, मागच्या शटरला हळद

बँकेच्या लिलावातलं गोडाऊन घेण्याआधी मी सगळ्यांना विचारलं होतं. वकिलाला विचारलं, तलाठ्याला विचारलं, पत्रे बदलणाऱ्या मिस्त्रीला विचारलं. फक्त बायकोला विचारायचं राहिलं.

राहिलं म्हणजे विसरलो नव्हतो, मुद्दामच नाही विचारलं. मी मोबाइलवर तीन दिवसांचा कोर्स केला होता. चकचकीत कोट घातलेला एक माणूस त्यात सांगायचा की, बुडालेल्यांच्या प्रॉपर्ट्या स्वस्तात घ्या, भाड्याने द्या, भाड्यावर दुसरी घ्या, दुसरीवर तिसरी. आणि सौदा होईपर्यंत घरात एक अक्षर बोलू नका! (कोर्समधला हा एकच नियम मी शंभर टक्के पाळला.)

त्याआधी मी भिवंडीत सुताच्या व्यापाऱ्याकडे सव्वीस वर्षं कारकुनी केली. लूम बंद पडत गेले, मग शेठची पेढीही बंद झाली, आणि माझ्या हातात पीएफ आला. तो पैसा आमच्या श्वेताच्या लग्नासाठी आहे, हे घरात भिंतींनाही माहीत होतं. मला वाटलं, पैसा नुसता पडून राहण्यापेक्षा दोन वर्षांत दुप्पट करू, मुलीचं लग्न थाटात लावू आणि सासुरवाडीला एकदा दाखवून देऊ. सासुरवाडी काल्हेरच्या बाजूला. तिथे प्रत्येकाच्या दारात गाडी आणि रस्त्याला लागून जमीन, आणि जावई काय, तर सुताच्या पेढीवरचा कारकून! म्हणून गोडाऊनही मी सासुरवाडीच्याच गावात घेतलं. ‘प्रॉपर्टी इन्व्हेस्टर’ असं छापलेली पाचशे व्हिजिटिंग कार्डंही करून घेतली.

लिलावाआधी बँकेचा माणूस मला गोडाऊन दाखवायला घेऊन गेला. पुढच्या शटरला लाखेचं सील होतं. "सील काढायला साहेबांची परवानगी लागते," तो म्हणाला, "तुम्ही फटीतून बघा."

मी फटीला डोळा लावला. आत अंधार होता, पण जमीन लख्ख झाडलेली! तीन वर्षं बंद असलेल्या गोडाऊनात धूळ नाही, जाळी नाही, एक उंदीरसुद्धा नाही. भिंतींवर खालून कमरेपर्यंत पिवळट रंगाचे फराटे होते, ते मला आधीच्या कंपनीने मारलेल्या रंगाचे वाटले. आतून मसाल्याचा खमंग वास येत होता. "शेजारी मसाल्याचं गोडाऊन असेल," असं मीच त्याला समजावलं. एखाद्या शहाण्या माणसाला या वेळी दोन-तीन प्रश्न पडले असते. मला एकच पडला, तो म्हणजे दुसऱ्या कोणी जास्त बोली लावली तर काय?

दुसऱ्या कोणी बोलीच लावली नाही! अख्ख्या तालुक्यातून मी एकटा. कोर्सवाल्याच्या मते हे उत्तम लक्षण होतं.

भाडेकरूही लगेच मिळाला. मिश्राजी नावाचे मॅनेजर होते, त्यांच्या कंपनीला लहान मुलांच्या डायपरसाठी जागा हवी होती, एक तारखेपासून. बुधवारी सकाळी दहाला बँक ताबा देणार होती, त्याच वेळी मी त्यांनाही बोलावलं. योग असा की, बायको, म्हणजे सुरेखा, श्वेताला घेऊन आदल्या दिवशीच माहेरी हळदीला गेली होती. तिच्या चुलतभावाचं, रुपेशचं लग्न होतं. "तुम्ही उद्या संध्याकाळी या, वेळेवर या, आणि बरा शर्ट घालून या," एवढं सांगून गेली. मी म्हटलं, वा! सकाळी ताबा, दुपारी करार, आणि संध्याकाळी हळदीत सगळ्यांसमोर जाहीर करू. (पत्रिका फ्रिजवर चिकटवलेली होती. ‘हळदीचे ठिकाण’ वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. जावयाने फक्त जायचं असतं, कोणीतरी घेऊन जातंच.)

कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये तास घालवून मी आणि मिश्राजी पोचलो. बँकेच्या माणसाने पंचांच्या सह्या घेतल्या आणि सील फोडलं. मी मिश्राजींकडे वळून म्हणालो, "देखिए, एकदम खाली माल है!" आणि शटर वर ढकललं.

आत पन्नासेक बायका लसूण सोलत बसल्या होत्या.

त्यांच्या मागे चुलाण्यांवर टोपं चढली होती, मंडपवाला शिडीवर उभा राहून पिवळं कापड ताणत होता, डीजेवाला "हॅलो, चेक, चेक" करत होता, आणि माझ्या मालकीच्या खांबाला माझ्या मालकीच्या जागेत तीन बोकड बांधले होते. पहिल्याच रांगेत मांडीवर परात घेऊन सुरेखा बसली होती.

"अहो, तुम्ही?" ती म्हणाली. "आत्ता? आणि हे पुढच्या शटरने कसे आलात?"

"तू... तुम्ही सगळे कसे आलात?"

"मागच्या शटरने. नेहमीसारखे!"

"जावई आलं रं!" मागून आवाज आला. हे गोटीराम काका, सुरेखाचे थोरले चुलते आणि गावचे सगळ्यात वयस्कर पुढारी. "सकाली सकाली आलं! याला बोलतान आपला मानूस! ए, खुर्ची आना! आनी हे पावनं कोन?"

बँकेच्या माणसाने आत एक नजर टाकली, माझ्यासमोर कागद धरला, "ताबा दिला, इथे सही करा," म्हणाला आणि सही मिळताच स्कूटरवर बसून दिसेनासा झाला. इतकी तत्पर बँकसेवा मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मिश्राजींनी हळूच विचारलं, "भाईसाब, ये सब पुराने किराएदार हैं क्या?"

"नहीं नहीं," मी म्हणालो, "ये सब... मेरे ससुरालवाले हैं."

मग मला बोलावंच लागलं. पन्नास बायका, एक आचारी आणि तीन बोकडांसमोर मी सांगितलं की, हे गोडाऊन आता माझं आहे. डीजेवाल्याने "चेक, चेक" थांबवलं.

"तुमी घेतला?" काका म्हणाले. "मना इचारला का न्हाय? मी सांगला असता ना, नका घेव! गावात कोनी घेनार न्हाय. हलदी कुटं करनार?"

"पण काका, याला बँकेचं सील होतं!"

"पुढचे शटरला!" काकांचा आवाज चढला. "सीलला आमी कवा हात लावला न्हाय. कायदा म्हंजे कायदा! मागचे शटरची चावी गोडाऊन बांधला तवापासून माझे घरान हाय. तिला कोनी सील केला का?"

मी चिडून लिलावाचा कागद त्यांच्यापुढे धरला. काकांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिवलंय? ‘जसे आहे, जेथे आहे’. मंग जसा हाय तसा घेतलाव ना तुमी? हलदीसकट घेतलाव!"

वकिलाने मला हीच ओळ समजावून सांगायचे वेगळे पैसे घेतले होते.

"पण निदान मला कोणीतरी सांगायचं!" मी ओरडलो. "मला काय माहीत इथे हळदी होतात?"

यावर बायकांमध्ये खसखस पिकली. श्वेताने मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. दोन वर्षांपूर्वीची, माझ्या सख्ख्या मेहुण्याची हळद. चारही बाजूंनी मंडपाचं कापड, दिव्यांच्या माळा, आणि मधोमध डोक्याला टॉवेल गुंडाळून, गुडघे वाकवून बेभान नाचणारा एक गृहस्थ. मागे कापड थोडं सरकलेलं होतं, आणि त्यातून तोच लोखंडी खांब दिसत होता, ज्याला आत्ता बोकड बांधलेले होते.

"बाबा, हे तुम्ही," ती म्हणाली. तिने सांगायची गरज नव्हती.

मिश्राजींना तोवर दोन बायकांनी बसवून वडे आणि सुकं मटण वाढलं होतं. चौथ्या वड्यावर त्यांनी कामाचा विषय काढला, "एक तारीख को खाली हो जाएगा ना?" काकांनी भिंतीला टांगलेली वही काढली आणि पानं उलटली. "एक तारीख... पदूचे पोरीची हलद. तीन तारीख, दोघा भावांची एकत्र हलद. अर्धा जेठ भरलाय." मग ते मिश्राजींकडे वळले, "आपको गोडाऊन चाहिए ना? मेरे साडू का है, बाजू में. एकदम खाली!" जेवण होईपर्यंत सौदा पक्का. माझा भाडेकरू माझ्याच गोडाऊनात जेवून, हात धुऊन, काकांच्या साडूकडे गेला. जाताना सुक्या मटणाचा डबाही बांधून घेऊन गेला!

मी तिरीमिरीत सुरेखाला बाजूला घेतलं. "मी पोलिसात जातो. सगळ्यांवर केस करतो!"

"करा," ती म्हणाली. "पहिलं नाव माझं घाला, मी आतच सापडलेय." मग तिचा आवाज खाली आला. "पैसे कुठले आणलेत?"

मी लिलावाच्या कागदाची घडी घालायला लागलो.

"श्वेताच्या लग्नाचे?"

मी डीजेच्या स्पीकरकडे बघत राहिलो. तो नेमका त्या वेळी बंद होता. सुरेखा परत जाऊन लसूण सोलायला बसली. त्या क्षणी मला खरोखर लाज वाटली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी मी बरा शर्ट घालून हळदीत उभा होतो, पण नाचलो नाही. पुढे अकरा दिवस ती माझ्याशी श्वेतामार्फत बोलत होती.

दुसरा भाडेकरू शोधायचा मी फार प्रयत्न केला. पण लग्नसराईत रिकामं करायचं आणि पावसाळ्यात भरायचं, असा धंदा कोण करतो? शोधता शोधता एक माणूस सापडला. मंडपवाला! त्याचे बांबू आणि कापडं आता पावसाळाभर माझ्याकडे असतात. भाडं म्हणून तो जे देतो, त्यातून पत्र्यांची गळती बंद होते. प्रॉपर्टी नंबर दोन अजून यायची आहे. व्हिजिटिंग कार्डांच्या मागच्या बाजूवर सुरेखा डाळींच्या डब्यांची नावं लिहिते.

यंदा श्वेताचं लग्न ठरलं. हॉलवाल्यांचे दर ऐकून मी आणि सुरेखा एकमेकांकडे न बघता रिक्षात बसलो आणि गोटीराम काकांकडे गेलो. सोबत पिशवीत पेढे होते आणि, लागलाच तर असावा म्हणून, गोडाऊनच्या विक्रीचा दाखला.

"काका, मे महिन्यातली अठरा तारीख हवी होती."

काकांनी वही काढली. "बुक हाय."

"एकोणीस?"

"ती पन."

"अहो काका, मुलगी माझी आहे, गोडाऊन..."

सुरेखाने माझा पाय दाबला. काकांनी दोन फोन केले, कोणाची तरी हळद एक दिवस पुढे सरकवली आणि आम्हाला मंगळवार मिळाला. सुरेखाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वेगळ्या कारणाने असावं. काकांनी माझ्याकडून वहीत नाव लिहून घेतलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"सगल्यांना सांगतो तेच तुमाला सांगतो, जावई. टुबलाइट फुटली तं भरून द्याला लागंल. गोडाऊन काय कोनाचे बापाचा न्हाय!"

पिशवीत दाखला होता. त्यावर माझं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट.

"नाही हो काका, कोणाच्याच बापाचं नाही," मी म्हणालो, आणि दोन ट्यूबलाइटचं डिपॉझिट काढून त्यांच्या हातावर ठेवलं.