उंबराला कोयता

मी माटुंग्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. घरात याचा उपयोग एवढाच की कुंडीतली तुळस सुकली की सगळे माझ्याकडे बघतात. डिलाईल रोडची आमची चाळ पाडायची ठरली आणि अंगणातला उंबर मुळासकट उचलून प्लॉटच्या कोपऱ्यात लावायचं नक्की झालं, तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी कुणी आपल्याला विचारील. कुणीही विचारलं नाही. मग मीच न विचारता सांगितलं.

हा उंबर नळाच्या ओट्यालगत आपोआप उगवलेला. सासूबाई मालवणकडून लग्न होऊन चाळीत आल्या तेव्हा तो त्यांच्या कमरेएवढा होता म्हणे. तेव्हापासून दर गुरुवारी त्याच्यापाशी त्यांचा दिवा. गिरणी बंद पडली, सासरे गेले, पण गुरुवार चुकला नाही. नळ मात्र जन्मभर गळका. त्यामुळे भर मे महिन्यातही या झाडाचे पाय ओलेच. ज्याला घरबसल्या पाणी मिळतं ते झाड मुळं खोल कशाला पाठवील? लाडावलेलं झाड होतं ते, आमच्या धाकट्या दिरांसारखं.

झाड हलवणारा माणूस चाळीच्या मीटिंगला आला आणि म्हणाला, मुळं बरीच तुटणार, तेव्हा फांद्याही निम्म्या उतरवाव्या लागतील.

"औदुंबराक कोयतो लावूचो नाय," सासूबाई म्हणाल्या. "देवाचा झाड आसा ता."

"आई, मुळं पाणी आणतात आणि पानं ते उडवतात," मी म्हटलं. "आणणारे कमी झाले की उडवणारेही कमी करायला नकोत का?"

"ता तुझ्या पोरांका कॉलेजात सांग."

सगळ्या चाळीने माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मी घरी येऊन सगळा राग नवऱ्यावर काढला. तो बिचारा त्या मीटिंगला नव्हताही.

पावसाळ्यात क्रेनने तो अख्खा उंबर, सगळ्या फांद्यांसकट, कोपऱ्यात नेऊन बसवला. आम्ही नवी इमारत होईपर्यंत शिवडीला भाड्याच्या जागेत राहायला गेलो. दिवाळीच्या सुमारास झाडाला कोवळी पानं फुटली. सासूबाईंनी जुन्या शेजाऱ्यांना पेढे वाटले. "लागला गो झाड!" त्या मला म्हणाल्या, आणि त्यातला 'बघ' मला न बोलता ऐकू आला. मी पेढा खाल्ला. खोडात साठवलेल्या शिदोरीवर झाड काही महिने पालवतं, हे मला माहीत होतं. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

होळी झाली आणि पानांच्या कडा पापडासारख्या भाजल्या. हिरवी उंबरं टपाटप गळू लागली. येणारा-जाणारा खोडाशी तांब्याभर पाणी ओतायचा. भरावाच्या कडक मातीवरून ते पाणी वाहून जायचं आणि ओतणाऱ्याला पुण्य मिळायचं. त्यात बांधकामाचा टँकर अधूनमधून दांडी मारायचा, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. सासूबाई या वयात पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून शिवडीहून बसने जायच्या. त्यांना अडवायचा धीर घरात कुणालाच झाला नाही.

वर्गात मी हे नेहमी सांगते. मुळांपासून शेंड्यापर्यंत झाडात पाण्याची एक अखंड दोरी असते. पानं ती वरून ओढत राहतात. खाली ओल नसली की ताण वाढत जातो आणि दोरी तुटते. तुटल्या जागी हवा शिरते. मग मागून कितीही पाणी घाला, त्या फांदीला ते पोचत नाही. पानं गाळणं ही खरं तर झाडाची स्वतःची काटकसर, पण तिलाही मर्यादा असते. हे सगळं मी इतक्या वेळा फळ्यावर काढलं आहे, पण आपल्या माणसाचं झाड असं मरताना बघणं वेगळं. मला फार वाईट वाटत होतं.

एका गुरुवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. शेंड्याच्या काटक्या हात लावताच कटकन मोडत होत्या. मी नखाने साल खरवडली. वरच्या फांद्या आतून तपकिरी होत्या. खाली खोडाजवळ खरवडलं तर थोडा हिरवा रंग दिसला. मी सासूबाईंना तो दाखवला. झाड हलवणारा माणूस कोयता घेऊन बाजूला उभा होता, कारण सोसायटीने त्याला सांगितलं होतं, दिवा लावणाऱ्या काकी हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही.

"छाटला तर जगतला मा गो?" त्यांनी विचारलं.

मी 'हो' म्हणून टाकणार होते. तोंडाशी आलेलं होतं. पण म्हटलं, "सांगता येत नाही, आई. नाही छाटलं तर मात्र नक्की जाईल."

त्यांनी चपला काढल्या, खोडाला हात लावून नमस्कार केला, बराच वेळ ओठ हलत होते. मग वळून त्या माणसापुढे कोयत्यासाठी हात केला.

"हाड तो कोयतो. पयलो घाव मी घालतंय. पाप लागला तर माका लागांदे."

हाताशी येणारी एक फांदी त्यांनी धरली. पहिल्या घावाला नुसता वाळका भुगा पडला. दुसरा घाव खाली, खोडाच्या जवळ बसला. त्या कोयता घट्ट धरून जखमेकडे बघत राहिल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग कडेने पांढरा चीक हळूहळू वर आला आणि त्यांच्या अंगठ्यावर ओघळला.

"जित्ता आसा गो!" त्या म्हणाल्या, आणि तो अंगठा तसाच धरून रडायला लागल्या.